अठरा पूर्ण... आता जायचं कुठे?

बालगृहात वाढलेल्या मुलामुलींना अठरा पूर्ण झाले की तिथून बाहेर पडावं लागतं. त्यांच्यासाठी कायद्यात तरतूद आहे, योजना आहे, थोडेफार पैसेही आहेत. तरीही या मुलांचं अडतं कुठे?

दिवाळीच्या सुट्टीची नोटीस लागली की होस्टेलमध्ये एकच गडबड उडते. कुणाला एसटीचं रिझर्व्हेशन मिळत नसतं, कुणी धुवायचे कपडे बॅगेत कोंबत असतं, कुणाच्या घरून सारखे फोन येत असतात, ‘कधी निघतोयस?’ आम्ही सेकंड इयरला असताना आमच्या मजल्यावरचा एक जण मात्र नोटीस वाचून गुपचूप रूमवर परत गेला. मी सहज विचारलं, ‘तू कधी निघणार?’ तो म्हणाला, ‘रेक्टर सरांना विचारलंय. राहू देतात का बघू.’

दीड वर्ष एका मजल्यावर राहून मला तेव्हा कळलं, की तो बालगृहात वाढलाय. अठरा पूर्ण झाले, बारावीचा निकाल लागला आणि तो तिथून बाहेर पडला. सुट्टीत परत जायला तिथे आता जागा नव्हती, कारण त्याच्या कॉटवर दुसरा मुलगा आला होता. नाव छापणार नाही या अटीवर तो या लेखासाठी बोलला.

आपल्याकडे अठराव्या वाढदिवसाचं केवढं कौतुक असतं! मतदान करता येतं, लायसन्स काढता येतं. पण पैसे संपले की आपण हक्काने घरी फोन करतो. एटीकेटी लागली तरी घराचं दार बंद होत नाही. म्हणजे कायद्याने आपण सज्ञान होतो, पण प्रत्यक्षात हळूहळू मोठे होतो. बालगृहातल्या मुलांना मात्र हे सगळं एका तारखेला जमायला हवं असतं.

कायदा काय म्हणतो?

बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ या कायद्याचं कलम ४६ याच मुलांसाठी आहे. अठरा पूर्ण करून संस्थेतून बाहेर पडणाऱ्याला समाजात उभं राहण्यासाठी आर्थिक मदत देता येईल, असं ते सांगतं. ‘देता येईल’, ‘दिलीच पाहिजे’ नव्हे. या एका क्रियापदाने बराच फरक पडतो.

२०१६च्या आदर्श नियमांत या मदतीचा तपशील आहे. तिला ‘अनुरक्षण’ म्हणतात. ती साधारण २१ वर्षांपर्यंत आणि अपवादात्मक परिस्थितीत २३पर्यंत मिळू शकते. सहा ते आठ जणांनी मिळून राहायची तात्पुरती सोय, प्रशिक्षणाच्या काळात विद्यावेतन, उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती, धंद्यासाठी कर्जाची व्यवस्था आणि नियमित संपर्कात राहणारा समुपदेशक एवढं सगळं त्यात येतं. केंद्राच्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेत अनुरक्षणासाठी महिन्याला ४ हजार रुपये ठरवलेले आहेत. मोठ्या शहरात कॉट बेसिसची जागा आणि दोन वेळचा डबा एवढाच हिशोब मांडून बघा. पैसे कमी पडतात, पण काहीच नसण्यापेक्षा बरे.

आमच्या मित्राला यातलं काहीही माहीत नव्हतं. निघताना कुणी सांगितलं असेल, तर त्याला ते आठवत नाही. त्याला आठवते ती हातातली फाइल आणि ‘नीट राहा’ हे दोन शब्द.

भात किती लावायचा?

‘बाहेर आल्यावर सगळ्यात अवघड काय गेलं?’ असं मी विचारलं तेव्हा तो एकटेपणाबद्दल बोलेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, ‘भात.’

बालगृहात साठ जणांचा भात एका पातेल्यात शिजायचा. एका माणसाला किती तांदूळ लागतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. भाजी कधी विकत घेतली नव्हती, कारण मुलं एकटी बाजारात जात नसत. खिशात स्वतःचे पैसे नसायचे, मग महिनाअखेरपर्यंत ते पुरवायचे कसे हे कळणार कुठून? उठायची, जेवायची, अभ्यासाची आणि झोपायची घंटा व्हायची. ‘बाहेर आलो आणि घंटाच नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा जेवायलाच विसरलो,’ हे तो हसत सांगतो.

घरात वाढताना या गोष्टी आपल्याला कुणी मुद्दाम शिकवत नाही. किराणा आणायला पाठवतात, गॅसचा नंबर लावायला सांगतात, बँकेत सोबत नेतात आणि त्यातून आपण शिकत जातो. संस्थेत मुलं सुरक्षित राहावीत म्हणून हे सगळं त्यांच्यासाठी दुसरंच कुणी करतं. त्यामुळे तयारी अठराव्या वर्षी सुरू करून भागत नाही. पंधरा-सोळाव्या वर्षापासून मुलांच्या हातात थोडे पैसे, थोडे निर्णय आणि थोड्या चुका द्यायला हव्यात. शंभर रुपये उधळले तर परत शिकवायला माणूस जवळ असतो, तोवरच चुकलेलं बरं.

‘पालकांचा नंबर द्या’

दुसरा अडथळा कागदांचा. आधार, जन्माचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी दाखला... आपल्या घरी यासाठी एक प्लॅस्टिकची पिशवी असते आणि ती कुठे आहे हे आईला माहीत असतं. या मुलांना जन्मतारखेपासून सगळं सिद्ध करावं लागतं.

गोव्यातल्या अनाथाश्रमात वाढलेली अमृता करवंदे अठरा पूर्ण झाल्यावर पुण्यात आली आणि पहिली रात्र तिने रेल्वे स्टेशनवर काढली. पुढे शिकत तिने एमपीएससीची परीक्षा दिली, पण तिच्याकडे नॉन क्रिमीलेअरचा दाखला नव्हता. आईवडीलच माहीत नाहीत, तर त्यांच्या उत्पन्नाचा दाखला आणायचा कुठून? तिने थेट मुख्यमंत्र्यांपर्यंत प्रश्न नेला. २०१८मध्ये महाराष्ट्राने अनाथांसाठी शिक्षण आणि सरकारी नोकरीत १ टक्का समांतर आरक्षण लागू केलं.

वेळ दिला तर काय घडतं, हे अमरावती जिल्ह्यातल्या वझ्झरला दिसतं. शंकरबाबा पापळकर तिथे अनाथ दिव्यांग मुलांना सांभाळतात. अशा मुलांना अठरानंतरही संस्थेत राहता यावं असा कायदा करा, ही त्यांची जुनी मागणी आहे. त्यांच्याकडे वाढलेली माला पापळकर दृष्टिहीन आहे. २०२४मध्ये ती एमपीएससीची लिपिक-टंकलेखक परीक्षा पास झाली. तेव्हा तिने अठरा कधीच ओलांडले होते. अठराव्या वाढदिवशी तिच्या डोक्यावरचं छप्पर गेलं असतं तर?

आपण काय करायचं?

धोरण ठरवणं आपल्या हातात नाही. पण ही मुलं आपल्याच वर्गात असतात.

- कुणी बालगृहातून आलंय असं कळलं, तर जिल्हा महिला व बाल विकास अधिकारी कार्यालयात अनुरक्षणाची आणि अनाथ प्रमाणपत्राची चौकशी करायला सोबत जा. सरकारी ऑफिसच्या खिडकीपाशी एकापेक्षा दोघं बरे.
- कॉलेजच्या एनएसएस युनिटला जवळच्या बालगृहात फळवाटप करण्याऐवजी सोळा-सतरा वर्षांच्या मुलांसोबत बँक, बाजार आणि बस असे शनिवार घालवता येतील. अर्थात संस्थेची रीतसर परवानगी घेऊन.
- सुट्टीत होस्टेल चालू ठेवा किंवा निदान अशा मुलांपुरती राहायची सोय करा, ही मागणी विद्यार्थी प्रतिनिधींनी लावून धरावी.
- आणि कीव नको. ‘बिचारा’ हा शब्द तर नकोच.

त्या दिवाळीत रेक्टर सरांनी त्याला राहू दिलं, पण मेस बंदच होती. पुढच्या वर्षी एक मित्र त्याला घरी घेऊन गेला. पहिले दोन दिवस तो पाहुण्यासारखा कोचाच्या कडेला बसून होता. तिसऱ्या दिवशी काकूंनी त्याच्या हातात सोऱ्या दिला आणि म्हणाल्या, ‘बसलायस काय, चकल्या पाड.’

आता तो नोकरीला लागलाय, दोघांत मिळून एक खोली घेतलीय. गेल्या आठवड्यात कुकरची शिट्टी होईना, तेव्हा त्याने काकूंना फोन केला. रिंग बसायची राहिली होती.