पुकारलेला भाव आणि हातातली पट्टी

वसमतच्या मोंढ्यात हळद घेऊन जाणाऱ्याला एक गोष्ट शिकवावी लागत नाही. सौद्यात पुकारलेला भाव वेगळा आणि हमाली, तोलाई वजा होऊन पट्टीवर उतरणारी रक्कम वेगळी. घरी येते ती पट्टीवरची रक्कम. पण मुलाच्या परदेशातल्या नोकरीची गोष्ट निघाली की हाच माणूस पुकारलेल्या भावावर खूश होतो. पट्टी मागायची असते, हे तो विसरतो.

यंदा हळदीच्या हंगामात आमच्या एका माजी विद्यार्थ्याचे वालिद मगरिबनंतर घरी आले. मोबाईलवर एक पत्र होते. वर निळे चिन्ह, खाली सही-शिक्का. मुलाला जिनिव्हात ‘युनो’मध्ये नोकरी, पगार डॉलरमध्ये आणि ‘संपूर्ण करमुक्त’. कागदपत्रांसाठी ४५ हजार रुपये तेवढे आठ दिवसांत भरायचे. पैसे तयार होते, पट्टी खिशातच होती.

“सर, जरा पढके देखो. सच्चा है क्या?”

पत्र खोटे होते. ते ओळखायला मोठे ज्ञान लागत नाही. संयुक्त राष्ट्रे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. ना अर्जाचे, ना मुलाखतीचे, ना प्रशिक्षणाचे. पैसे मागितले की पत्र खोटे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

पण त्यांचा पुढचा प्रश्न रास्त होता. “मग तिथला पगार करमुक्त असतो, हेसुद्धा झूठ?”

नाही, ते खरे आहे. म्हणूनच ठकाने ते वापरले होते.

संयुक्त राष्ट्रांचा कर्मचारी कोणत्याही एका देशाचा नोकर नसतो. १९४५ च्या सनदेनुसार त्याने आपल्या सरकारकडूनही आदेश घ्यायचे नसतात. मग त्याच्या पगारावर एखाद्या देशाने कर का घ्यावा? भारताने १९४७ मध्येच कायदा करून या पगाराला प्राप्तिकरातून सूट दिली. अर्थात सूट पगारापुरती आहे. त्याच कर्मचाऱ्याचे वसमतला दुकान भाड्याने दिलेले असेल, तर त्या भाड्यावर नेहमीचा कर लागतो. करार करून काही महिने सल्लागार म्हणून काम करणाऱ्यालाही ही सूट आपोआप मिळते असे नाही.

शिवाय ‘करमुक्त’ म्हणजे कपात नाही, असेही नव्हे. संस्था स्वतःच पगारातून करासारखी एक अंतर्गत कपात करते आणि उरलेला निव्वळ पगार देते. पगाराचे दोन भाग असतात. मूळ वेतन जगभर सारखे. त्यावर शहराच्या महागाईप्रमाणे भर. त्यामुळे एकाच श्रेणीच्या दोघांना दोन शहरांत वेगळी रक्कम मिळते.

खरी पट्टी तर पुढे आहे. संयुक्त राष्ट्रांचा निवृत्तिवेतन निधी १९४९ पासून चालू आहे. निवृत्तिवेतनासाठी धरल्या जाणाऱ्या वेतनाच्या ७.९ टक्के कर्मचारी भरतो, तर संस्था १५.८ टक्के भरते. किमान पाच वर्षे सेवा झाली की निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो. परदेशात नेमलेल्या कर्मचाऱ्याला मुलांच्या शिक्षणासाठी अनुदान आणि ठरावीक काळाने कुटुंबासह मायदेशी येण्याचा खर्च मिळतो. म्हणजे पगार एका माणसाला असला तरी हिशेब घरातल्या सगळ्यांचा केलेला असतो.

परदेशातली प्रत्येक सरकारी नोकरी मात्र अशी नसते. आपल्या दूतावासात नेमलेला अधिकारी परदेशात राहत असला, तरी भारत सरकारच्या पगारावर त्याला भारतात कर भरावा लागतो. परदेशात राहण्यासाठी सरकार देते त्या भत्त्यांना तेवढी सूट असते.

आणि आपल्या ओळखीची नोकरी म्हणजे आखातातली. दुबई-शारजाच्या पगारावर तिथे प्राप्तिकर नाही आणि अनिवासी ठरलेल्या मुलाच्या त्या पगारावर इथेही कर लागत नाही. ‘करमुक्त’ हा शब्द इथेही खरा आहे. पण मागे काय राहते?

संयुक्त अरब अमिरातीचा कायदा नोकरी संपताना उपदान देतो. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा पगार आणि त्यानंतर दरवर्षी ३० दिवसांचा. मात्र हा पगार म्हणजे मूळ पगार, भत्ते धरून नव्हे. समजा मुलाला महिना २,००० दिरहम मिळतात, पण करारात मूळ पगार १,००० आणि बाकीचे भत्ते आहेत. दहा वर्षांनी त्याच्या हातात २५५ दिवसांचे, म्हणजे ८,५०० दिरहम पडतात. साडेचार महिन्यांच्या पगाराएवढेही नाहीत. निवृत्तिवेतन तर नाहीच.

आम्ही हा हिशेब कागदावर मांडला तेव्हा ते बराच वेळ कागदाकडे पाहत राहिले. त्यांचे धाकटे भाऊ अकरा वर्षे तिकडे होते. परत आले ते गुडघेदुखी आणि दोन सुटकेस घेऊन.

आखातात जाऊ नये, असे आम्ही म्हणत नाही. तिथल्या कमाईवर कितीतरी घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली. पण तिथली संस्था जे करत नाही, ते आपल्याला स्वतः करावे लागते. करारातला मूळ पगार आधी वाचावा. दहावी नापास मुलाच्या पारपत्रावर स्थलांतर तपासणीचा शेरा असतो. अशा कामगारासाठी सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना आहे. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास तिच्यात दहा लाखांचे संरक्षण मिळते. कागद घरी जपून ठेवावा. आणि पहिल्या पगारापासून म्हातारपणासाठी थोडी रक्कम बाजूला काढावी. राष्ट्रीय पेन्शन योजनेत अनिवासी भारतीयालाही खाते उघडता येते.

उठता उठता त्यांनी विचारले, “युनोत आपल्याकडचं कुणी गेलंय का कधी?”

गेले आहे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे संख्याशास्त्र शिकले आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत रोमला संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. जगात किती माणसे उपाशी झोपतात, हे मोजण्याची रीत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. पुढे ते पुण्याला परतले. १९७१ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. खेड्यातून रोमपर्यंत त्यांना गणिताने नेले, एजंटाने नव्हे.

आमच्या वर्गातली मुले मकतबमध्ये अरबी वाचायला शिकतात, पण अर्थापर्यंत थोडीच जातात. अरबी ही संयुक्त राष्ट्रांच्या सहा अधिकृत भाषांपैकी एक आहे. अर्धी वाट चाललेल्या मुलांना पुढची अर्धी दाखवायची जबाबदारी आमच्यासारख्या शिक्षकांवरही येते. ती आम्ही पुरती निभावलेली नाही, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून पुढच्या वेळी कुणी ‘करमुक्त पगार’ घेऊन दारात आला, तर चार प्रश्न विचारा. पगार देणारा कोण? मूळ पगार किती? आजारपणात आणि अपघातात कोण पाहणार? नोकरी सुटली की हातात काय राहणार? आणि त्याने आधी पैसे मागितले, तर एकही प्रश्न न विचारता दार लावा.

त्या संध्याकाळी पट्टी खिशातच राहिली. जून महिन्यात तिच्यातून मुलाच्या कॉलेजची फी भरली गेली. विषय गणित.