मागेल त्याला सनद

सकाळी बँकेच्या संकेतस्थळावर जाऊन शिल्लक पाहावी, ते पान तसेच उघडे ठेवून शेजारच्या टॅबमध्ये कोणी पाठविलेला विनोद उघडावा, हा ज्यांचा नित्यक्रम आहे त्यांच्यापैकी फारच थोड्यांना असा प्रश्न पडत असेल की, या दुसऱ्या पानाने पहिल्या स्थळावरचा आपला हिशेब वाचून का नेऊ नये. प्रश्न बालिश नाही. ल्यू मॉन्टुली यांनी 1994 साली नेटस्केपसाठी कुकीची योजना केली, तेव्हापासून ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर त्या त्या स्थळाने दिलेली ओळखचिठ्ठी आपणहून जोडीत आला; विनंती कोणाच्या पानावरून निघाली याची विचारपूस त्या व्यवस्थेत मुळी नव्हतीच. पुढे जावास्क्रिप्टमुळे पानांच्या अंगी चैतन्य आले, आणि एका मूलस्थानाच्या पानाने दुसऱ्या मूलस्थानाचा मजकूर वाचू नये अशी सरहद्द नेटस्केपला आखावी लागली. मूलस्थान म्हणजे पत्त्यातील तीन गोष्टी: एचटीटीपी की एचटीटीपीएस हा प्रकार, यजमानाचे नाव आणि पोर्टचा क्रमांक. तिहींपैकी एक बदलली तरी पान परके.

परंतु सरहद्द म्हटली की नाका आला, आणि नाका म्हटला की परवानेही आलेच. एकाच पेढीचे दुकान एका नावाने व हिशेबखाते दुसऱ्या नावाने चालू लागल्यावर परक्या पानास रीतसर मुभा देण्याची सोय हवी झाली. ती सोय म्हणजे 'क्रॉस-ओरिजिन रिसोर्स शेअरिंग', व्यवसायातील मंडळींच्या बोलीत 'कॉर्स'. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने 2014 च्या जानेवारीत तिला अधिकृत शिफारशीचा दर्जा दिला. ब्राउझर विनंतीवर विचारणाऱ्याचे मूलस्थान लिहितो, सर्व्हर उत्तराच्या हेडरमध्ये 'अमक्यास वाचण्याची मुभा' असे लिहितो, आणि दोन्ही जुळले तरच उत्तर पानाच्या हाती पडते. पुष्कळ जण कॉर्सलाच कुलूप समजतात. वस्तुतः कुलूप ते जुने सरहद्दीचे बंधन. कॉर्स ही ते सैल करण्याची सनद, आणि ती भलत्याच्या नावे लिहिली गेली तर ब्राउझर बिचारा हुकमाचा ताबेदार.

सनदेत नावाच्या जागी तारांकन घातले, तर तिचा अर्थ 'कोणीही' असा होतो. जाहीर मजकुरास ते शोभते; म्हणूनच कुकीसह आलेल्या विनंतीस तारांकन चालणार नाही, तेथे नाव स्पष्ट लिहिलेच पाहिजे, असा दूरदर्शी नियम कर्त्यांनी केला. आता ज्याची मुदत उद्या संपते आणि ज्याच्या पडद्यावर ब्राउझरची तांबडी तक्रार काही केल्या हलत नाही, तो कारागीर काय करतो? तो सर्व्हरला सांगतो की, येणारा जे नाव सांगेल तेच सनदेवर उतरवून दे, आणि ओळखचिठ्ठीसह मुभा आहे असेही खाली लिही. तक्रार नाहीशी होते, आणि नियमाने ज्याची मनाई केली होती तेच कृत्य नियमाच्या अक्षरास धक्का न लावता पार पडते. तारांकन पाहून एखादा परीक्षक निदान थबकला तरी असता. येथे प्रत्येक उत्तरावर एकच, नेमके, सभ्य दिसणारे नाव असते.

पोर्टस्विगर या ब्रिटिश कंपनीतील संशोधक जेम्स केटल यांनी 2016 साली असल्या चुकांचा धांडोळा घेतला, तेव्हा एका बिटकॉइन विनिमयकेंद्राचा सर्व्हर अशाच सनदा वाटीत असल्याचे त्यांना आढळले. ग्राहकाने एक दुष्ट पान उघडावे, इतकेच पुरे होते. त्याच्या खात्याची गुप्त किल्ली त्या पानास वाचता येई, आणि मग खात्याच्या सूचना बंद करून, धन्यालाच बाहेर कोंडून, नाणी हवी तिकडे वळविता येत.

काही ठिकाणी 'नल' या शब्दास मुभा असते, कारण स्वतःच्या संगणकातील फाइल उघडून चाचणी घेताना ब्राउझर मूलस्थानाच्या जागी तोच शब्द लिहितो. पण सँडबॉक्स केलेल्या आयफ्रेममध्ये, म्हणजे पानातील कोंडून ठेवलेल्या चौकटीत, ठेवलेला कोणाचाही मजकूर याच नावाने वावरतो, हे लक्षात राहत नाही. कोठे नावाचा केवळ शेवट तपासतात, मग 'अमुकबँक.कॉम' बरोबर 'तोतयाअमुकबँक.कॉम' देखील निर्वेध आत येते. भाऊसाहेबांच्या तोतयाची पुणे दरबाराने निदान चौकशी तरी केली होती!

उपाय सोपा असून कंटाळवाणा आहे: विश्वासू नावांची यादी करून प्रत्येक नाव अक्षरशः ताडून पाहावे. 2020 पासून क्रोमने परक्या स्थळावरून पार्श्वभूमीवर निघालेल्या विनंतीस कुकी सहसा न जोडण्याचे धोरण स्वीकारल्यामुळे धोका बराच ओसरला खरा. मात्र ज्या स्थळांना परक्या पानांतही आपली कुकी लागते, ती हे बंधन स्वतःच उठवितात. शिवाय एकाच स्थळाची उपनामे, म्हणजे सबडोमेन, या धोरणास परकी वाटत नाहीत, त्यामुळे एखाद्या सणाच्या सवलतीसाठी उघडलेले आणि नंतर कोणीच न बंद केलेले उपनाम चोराच्या हाती लागले, तर तेथून निघालेल्या विनंतीस कुकी पूर्ववत जोडली जाते, आणि सनद तर तयारच असते.