जेस्टिक्युलेट : एका शब्दाची कुळकथा

श्रोतेहो, ओढ्याला पाणी किती आले होते असे कुणाला विचारा. तोंडातून शब्द निघण्याआधी त्याचा हात कमरेशी जातो. बोलण्याच्या भरात होणाऱ्या या हालचालींना आपण 'हातवारे' म्हणतो. इंग्रजीत हातवारे करण्याला 'जेस्टिक्युलेट' असा शब्द आहे.

शब्द अवघड दिसतो, पण कूळ साधे आहे. लॅटिन भाषेत 'गेरेरे' म्हणजे वाहणे, बाळगणे. माणूस आपले अंग जसे वागवतो ते 'गेस्टुस'. डब्याची जशी डबी, तसे त्याचे लहान रूप 'गेस्टिकुलुस'. त्यावरून झालेले क्रियापद सतराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजीत रुळले. त्याचा भाऊ 'जेस्चर' पंधराव्या शतकातला. त्याचा पहिला अर्थ उभे राहण्या-चालण्याची ढब. 'खूण' हा अर्थ मागाहून आला. आज जेस्चर म्हणजे एखादी खूण, आणि जेस्टिक्युलेट म्हणजे जोमाने, एकामागून एक केलेले हातवारे.

गुरुजींच्या टेबलावरचे 'रजिस्टर'ही याच घराण्यातले! त्याचा मूळ अर्थ परत नेऊन नोंदून ठेवलेले. थट्टेला इंग्रजीत 'जेस्ट' म्हणतात, तोही यांचाच नातलग. आधी पराक्रम, मग पराक्रमाच्या कथा, मग रंगवलेल्या गप्पा आणि शेवटी थट्टा, असा त्याचा प्रवास झाला.

आपला 'अभिनय' शब्द पाहा. 'अभि' म्हणजे कडे, 'नी' म्हणजे नेणे. अर्थ प्रेक्षकांकडे नेतो तो अभिनय. लॅटिन शब्दाशी याचे रक्ताचे नाते नाही. पण 'नेणे' आणि 'वाहणे' यांत कल्पनेचे साम्य खचितच आहे.

मग हात वाहतो तरी काय? 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की जन्मांध मुलेही बोलताना हातवारे करतात. ऐकणारा अंध आहे हे ठाऊक असले तरी करतात. म्हणजे हातवारे केवळ दुसऱ्याने पाहावेत म्हणून नसतात. बोलणाऱ्याच्या विचारालाही त्यांचा आधार होत असावा. गणित सोडवणाऱ्या मुलाला शब्दांत न सांगता आलेली रीत कधी कधी त्याचा हात दाखवतो, असेही अभ्यासकांना आढळले आहे.

म्हणून शिक्षकबंधुभगिनींनो, फळ्याशी उभे राहिलेले पोर अडखळले आणि त्याचा हात हवेत फिरू लागला, तर "हात खाली!" असे दरडावू नका. क्षणभर त्या हाताकडे पाहा. उत्तर तोंडापर्यंत पोचले नसेल, पण ते वाटेवर असेल.