कळीतच खुडलेली मोहरी

इटलीच्या दक्षिणेकडील पुलिया प्रांतात थंडी सुरू झाली की भाजीबाजारात एका कडसर पालेभाजीच्या जुड्या दिसू लागतात. कोवळी पाने, रसदार दांडे आणि मधोमध न उमललेल्या कळ्यांचा झुबका. ही ‘चीमे दि रापा’, म्हणजे सलगमाचे शेंडे. नावात सलगम असले तरी तिला कंद धरत नाही. ती ‘ब्रासिका रापा’ या प्रजातीतील. उत्तर भारतात तेलासाठी पेरली जाणारी तोरिया आणि पिवळी सरसों याच प्रजातीच्या. आपण दाणा भरण्याची वाट पाहतो, तेथील शेतकरी कळी फुटण्याआधीच काढणी करतो. तिच्या वाणांची नावेही काढणीच्या अंदाजे दिवसांवरून पडली आहेत : ‘क्वारान्तिना’ 40 दिवसांची, ‘सेस्सान्तिना’ 60 दिवसांची, ‘नोव्हान्तिना’ 90 दिवसांची.

तिचा प्रसिद्ध पदार्थ ‘ओरेकिएत्ते’बरोबर होतो. डुरम गव्हाच्या (आपल्याकडील बन्सी गव्हाच्या जातीच्या) रव्याची कणीक मळून अंगठ्याने दाबलेल्या या छोट्या कानांसारख्या वाट्या. मिठाच्या उकळत्या पाण्यात त्या आणि भाजी एकत्रच शिजवतात. दुसरीकडे ऑलिव्ह तेलात लसूण, तिखट मिरची आणि खारवलेली अँकोव्ही मासळी विरघळेपर्यंत परततात. सारे एकत्र करून वर कुरकुरीत भाजलेला पावाचा चुरा भुरभुरतात.

भाजीचा कडसरपणा मुख्यतः ग्लुकोसिनोलेट या घटकांमुळे येतो. वनस्पतीने ते किडींपासून बचावासाठी घडवले. मोहरीवरील मावा मात्र त्याच गंधाच्या आधारे आपले पीक ओळखतो. उकळताना या घटकांचा काही अंश पाण्यात उतरतो आणि कडूपणा सौम्य होतो.

कीटकशास्त्रज्ञ म्हणून माझे लक्ष या ताटातील कळ्यांकडे जाते. मावा प्रामुख्याने फुलोऱ्याच्या शेंड्यावरच वसाहत करतो आणि येथे तोच शेंडा खाद्य आहे. दाण्याच्या पिकात फवारणीनंतर काढणीपर्यंत बरेच दिवस मिळतात. कळ्यांची खुडणी मात्र काही दिवसांवर आलेली असते, त्यामुळे लेबलवरील प्रतीक्षा कालावधी पाळणे बहुधा शक्यच नसते. म्हणूनच तेलासाठी फवारलेल्या मोहरीचे शेंडे खुडून भाजी म्हणून विकणे मला धोक्याचे वाटते. भाजीसाठी वेगळा वाफा राखावा, पेरणी लवकर करावी, मावा दिसताच ग्रासलेले शेंडे तोडून नष्ट करावेत आणि ढालकिडे दिसल्यास त्यांना त्यांचे काम करू द्यावे. खुडणी सकाळी करावी. उन्हे चढल्यावर कळ्या लवकर सुकतात.