समुद्रापलीकडचे दस्तरखान

गडबच्या माणसाला मुंबईचे ताजमहाल हॉटेल तसे लांब नाही. वडखळ नाक्यावरून अलिबागच्या रस्त्याने मांडव्याला जावे आणि लाँचमध्ये बसावे. तासाभरात गेटवे ऑफ इंडियाचा धक्का येतो. समोर १९०३ साली जमशेटजी टाटांनी सुरू केलेले ते हॉटेल उभेच असते. आपली पोरे त्याच्यासमोर फोटो काढतात, भेळ खातात आणि परत फिरतात. आत जाण्याचा विचार फारसा कुणाच्या मनात येत नाही.

मात्र दिवस बदलत आहेत. शिकलेली मुले मुंबईत नोकरीला लागतात आणि पहिल्या पगारात आईवडिलांना मोठ्या हॉटेलात नेण्याचा हट्ट धरतात. अशा हॉटेलांत सध्या भूमध्य समुद्राकाठच्या, म्हणजे लेबनॉन, तुर्कस्तान, ग्रीस, इटली, मोरोक्को या देशांच्या जेवणाची चलती आहे. ताजच्या टॉवरमध्ये अगदी वरच्या मजल्यावर याच पदार्थांचे ‘सूक’ नावाचे रेस्टॉरंट आहे. सूक हा अरबी शब्द. त्याचा अर्थ बाजार.

नावे परकी, चीजा ओळखीच्या

मेनूकार्ड हातात आले की मोठी माणसे बिचकतात. खरे तर बिचकण्यासारखे त्यात काही नाही. हुम्मुस म्हणजे अरबीत चणे. काबुली चणे मऊ उकडून त्यात तिळाची पेस्ट, लसूण, लिंबू घालून वाटायचे आणि वरून ऑलिव्हचे तेल सोडायचे. त्या तिळाच्या पेस्टला ताहिनी म्हणतात. बाबा गनूश म्हणजे निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचे भरीतच. फक्त कांदा-मिरचीच्या जागी ताहिनी. फलाफल हे भिजवलेल्या चण्यांचे वडे. सुरुवातीला छोट्या छोट्या बशांतून हे सारे मधोमध मांडतात, त्याला मेझ्झे म्हणतात. सर्वांनी एकाच ताटातून रोटी मोडून खायची ही रीत दस्तरखानावर वाढलेल्यांना कुणी शिकवायला नको.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून शब्दांचा माग काढायची खोड आहे. वांगे मूळचे आपल्याकडचे. संस्कृत-प्राकृतातला शब्द फारसीत बादिंगान झाला, अरबीत बादिंजान झाला आणि अरबांबरोबर थेट स्पेनपर्यंत गेला. साखरेचेही तेच. शर्करेची अरबीत सुक्कर झाली, स्पॅनिशमध्ये असूकार. तांदळाची शेती अरबांनी स्पेनमध्ये रुजवली. तिथे आजही भाताला ज्या शब्दाने ओळखतात तो अरबी ‘अर-रुझ’वरून आला आहे. खारेपाटातल्या शेतकऱ्याला ही गोष्ट जरूर सांगावी.

हा व्यापार आपल्या दारावरूनच चालत असे. बगदादचा प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६ च्या सुमारास, सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपल्या अलिबाग तालुक्यातले चौल. तिथे ओमान, बसरा, बगदादहून आलेले आणि तिथेच जन्मलेले मिळून सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, अशी नोंद त्याने केली आहे. हजार वर्षांपूर्वी ज्या किनाऱ्यावर बसऱ्याची माणसे जेवत होती, त्या किनाऱ्यावरच्या माणसाने हुम्मुसपुढे अवघडून का बसावे?

विचारायला लाजू नये

तरीही माणसे अवघडतात. आमच्या नात्यातल्या एका मुलाने अम्मीला अशाच एका हॉटेलात नेले. भाभींनी दोन तासांत रोटी आणि हुम्मुस एवढेच खाल्ले. मुलाला वाटले, अम्मीला जेवण आवडले नाही. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, “गोश्त हलाल आहे का ते विचारायचे होते, पण एवढ्या साहेबी माणसांत कसे विचारू?” मुलाने हौसेने पैसे खर्च केले आणि आई अर्धपोटी घरी आली, दोघेही हिरमुसले.

हा प्रश्न टेबल राखून ठेवताना फोनवरच विचारावा. मोठ्या हॉटेलांत हे रोज विचारले जाते. त्यात कमीपणा नाही. गोश्ताबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. इटालियन रिसोत्तोच्या भातात आणि काही सॉसमध्ये वाइन घालतात. तिरामिसूसारख्या गोड पदार्थात बऱ्याचदा दारू असते, तर काही पुडिंगांत जिलेटिन. उत्तराने समाधान झाले नाही तर मासे, चणे, वांगी, भाज्या आहेतच. समुद्राकाठच्या स्वयंपाकात त्यांचाच मान मोठा.

बिलाचा हिशेब

ज्या हॉटेलांत खोलीचे भाडे दिवसाला साडेसात हजारांच्या वर असते, तिथल्या जेवणावर १८ टक्के जीएसटी लागतो. साध्या रेस्टॉरंटमध्ये तो ५ टक्के असतो. म्हणजे मेनूवर पाच हजार दिसले तर हातचे पाच हजार नऊशे धरावेत. सेवा शुल्क मात्र ऐच्छिक आहे. ते बिलात आपोआप लावता येत नाही, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये सांगितले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ते उचलून धरले. नको असेल तर नम्रपणे काढायला सांगावे.

वर्षा-दोन वर्षांतून ऐपतीप्रमाणे मुलाने आईबाबांना असे जेवण दिले तर त्यात वावगे काही नाही. कर्ज काढून किंवा फोटोपुरते जाणे मात्र इस्राफ. चौघांत तीन मेझ्झे आणि दोन मोठे पदार्थ मागवून बघावे, लागले तर पुन्हा मागवता येते. उरलेले बांधून मागावे. अन्न टाकून उठण्यात कसली प्रतिष्ठा?

आणि ज्यांना जाणे जमणार नाही त्यांनी येत्या थंडीत पोपटी लावाल तेव्हा शेजारच्या निखाऱ्यात दोन वांगी खुपसावीत. साल काढून गर ठेचावा. चार चमचे तीळ मंद भाजून थोड्या तेलात बारीक वाटावेत आणि गरात मिसळावेत. लसणाची एक पाकळी, लिंबू, मीठ घालावे. तांदळाच्या गरम भाकरीबरोबर वाढावे आणि मुलांना त्याचे अरबी नाव, वांग्याच्या प्रवासाची हकिकत आणि चौलचा पत्ता एकदमच सांगून टाकावा.