जादूला ऊन का लागायचं? ‘क्रिश’ मालिकेतलं विज्ञान, एका जुन्या चाहत्याच्या नजरेतून

‘क्रिश ४’ हृतिक रोशन स्वतः दिग्दर्शित करणार, ही बातमी मार्च २०२५ मध्ये आली आणि माझ्या फोनवरचे सगळे ग्रुप पेटले. निम्मे म्हणाले ‘एकदाचा आला!’, निम्मे म्हणाले ‘आता पुरे करा’. मला दोन्ही पटलं. ‘कोई... मिल गया’ ८ ऑगस्ट २००३ ला आला तेव्हा मी जेमतेम शाळेत जायला लागलो होतो. कॉम्प्युटर नावाची वस्तू मी आधी त्या सिनेमात पाहिली आणि नंतर प्रत्यक्षात. पुढे इंजिनिअर झालो, त्यात या मालिकेचा थोडा हात नक्की आहे. पण इंजिनिअर झाल्यावर तोच सिनेमा बघताना काही गोष्टी भारी वाटतात, काही खटकतात आणि एक गोष्ट तर चक्क टोचते. चला, एकेक करून बघूया.

‘ओम’चा सिग्नल अंतराळात जाईल का?

रोहितचे वडील ‘ओम’च्या सुरांपासून बनवलेला सिग्नल कॉम्प्युटरवरून अंतराळात पाठवतात. आवाजाला प्रवासासाठी हवा, पाणी असं काहीतरी माध्यम लागतं आणि अंतराळात ते नाही. म्हणून आवाज आधी रेडिओ लहरींवर चढवावा लागतो. तुमचा फोन कॉल करताना हेच करतो. म्हणजे कल्पना चुकीची नाही. प्रश्न ताकदीचा आहे.

१६ नोव्हेंबर १९७४ ला पोर्तो रिकोमधल्या अरेसिबो दुर्बिणीवरून माणसाने खरोखरच असा निरोप पाठवला होता. १६७९ बिट्स, वेळ तीन मिनिटांपेक्षा कमी, डिश सुमारे ३०५ मीटर व्यासाची आणि ट्रान्समीटर सुमारे ४५० किलोवॉटचा. तुमचा फोन टॉवरशी बोलताना जास्तीत जास्त ०.२ वॉटच्या आसपास ताकद वापरतो. गंमत म्हणजे त्या निरोपाची फ्रीक्वेन्सी होती २३८० मेगाहर्ट्झ, आपल्या घरातल्या २.४ गिगाहर्ट्झ वायफायच्या अगदी शेजारची. तेव्हा टेबलावरच्या कॉम्प्युटरने हे जमणार नाही. मागे भलीमोठी डिश हवीच.

दुसरी अडचण वेळेची. सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी सव्वाचार प्रकाशवर्षं लांब आहे. २००३ मध्ये पाठवलेल्या मेसेजला तिथून उत्तर यायला २०१२ उजाडलं असतं, तेही समोरच्याने वाचल्या वाचल्या रिप्लाय केला तर. सिनेमात मात्र यान लगेच हजर.

तरीही सुरांची कल्पना मला अजून आवडते, कारण ती खरी आहे. १९७७ मध्ये गेलेल्या व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत केसरबाई केरकर यांचं गाणं आहे. गोव्यातल्या केरी गावात जन्मलेल्या, मुंबईत राहिलेल्या केसरबाईंचा आवाज आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे पोचलाय. त्याच तबकडीवर ५५ भाषांमधल्या शुभेच्छा आहेत आणि त्यात मराठीही आहे.

जादूची बॅटरी

जादूला शक्ती मिळते ती उन्हातून. ढग आले की तो मलूल होतो. आमच्या खारदांड्याच्या कोळीवाड्यात हे कोणाला वेगळं समजवावं लागत नाही. वलांडीवर बोंबील वाळत घातले की सगळा हिशोब उन्हाचाच असतो. पण उन्हावर एक चालता-बोलता जीव जगेल का? गणित करून बघू.

भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर साधारण १००० वॉट ऊन पडतं. जादू तीनेक फुटांचा. त्याच्या अंगावर पाव चौरस मीटर भरून ऊन पडतं असं धरू, म्हणजे २५० वॉट. चांगलं सोलर पॅनेल यातलं सुमारे २० टक्के विजेत बदलतं. राहिले ५० वॉट. दिवसभरात भर उन्हाचे पाच तास धरले तर २५० वॉट-तास. ५००० एमएएचच्या फोनची बॅटरी साधारण १९ वॉट-तासांची असते, म्हणजे जादू रोज असे १३ फोन फुल चार्ज करू शकेल. वाईट नाही!

आता खर्च. तीन फुटांच्या लहान मुलाला दिवसाला साधारण १२०० कॅलरी लागतात, म्हणजे सुमारे १४०० वॉट-तास. जादूची कमाई २५०, खर्च १४००. बाकीचं जेवणातूनच भरून काढावं लागणार. झाडं उन्हावर जगतात ती एका जागी उभी राहून. धावायचं, उडायचं, बास्केटबॉल खेळायचं म्हटलं तर ऊन पुरत नाही. आणि पावसाळ्यात मुंबईत उतरला असता तर जादूचं काही खरं नव्हतं.

आकडे जमले नाहीत, पण ढग आले की शक्ती कमी हा नियम सिनेमा पाळतो. चांगल्या विज्ञानकथेत एक अशक्य गोष्ट चालते, पुढे मात्र तिचे नियम मोडायचे नसतात. पहिला भाग इथे पास.

‘क्रिश’चा पासवर्ड आणि तुमचा फोन

२००६ च्या ‘क्रिश’मध्ये डॉ. आर्य भविष्य दाखवणारा कॉम्प्युटर रोहितकडून बनवून घेतो. भविष्याचं सोडून द्या. मला भारी वाटतं ते त्या कॉम्प्युटरचं कुलूप. रोहितच्या डोळ्याचा पडदा आणि हृदयाचे ठोके, हाच त्याचा पासवर्ड. म्हणून डॉ. आर्य रोहितला मारत नाही, वर्षानुवर्षं कैदेत जिवंत ठेवतो.

आज आपण सगळे असंच कुलूप खिशात घेऊन फिरतो. फिंगरप्रिंट किंवा फेस अनलॉक लावताना फोन तुमच्या बोटाचा फोटो जपून ठेवत नाही. त्यातल्या खुणांवरून एक गणिती साचा बनवतो आणि तो फोनमधल्या वेगळ्या सुरक्षित भागात ठेवतो. पैसे पाठवायचं ॲप जेव्हा बोट मागतं तेव्हा फोन त्याला फक्त ‘जुळलं’ किंवा ‘नाही जुळलं’ एवढंच सांगतो. आधारमध्ये मात्र दहा बोटं आणि दोन्ही डोळ्यांची बुबुळं नोंदवलेली असतात आणि जुळवणी सर्व्हरवर होते. सिनेमातलं रेटिना स्कॅन वेगळं. ते डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांचं जाळं वाचतं.

हृदयाचे ठोके कशाला? समोर जिवंत माणूस आहे ना, हे तपासायला. २०१७ मध्ये जर्मनीतल्या कॅऑस कॉम्प्युटर क्लबने डोळ्याचा छापील फोटो आणि वर एक कॉन्टॅक्ट लेन्स ठेवून सॅमसंग गॅलॅक्सी एस८ चा बुबुळ स्कॅनर फसवून दाखवला होता. रोहितच्या कॉम्प्युटरला असं फसवता आलं नसतं.

पण खरा धडा पुढे आहे. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, डोळा बदलता येत नाही. आणि कुलूप शरीरात असलं की चोराला माहिती नको असते, माणूस हवा असतो. झोपलेल्या माणसाचं बोट फोनवर टेकवणं किती सोपं आहे, विचार करा. म्हणून बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये पॉवर मेन्यूत ‘लॉकडाउन’ हा पर्याय असतो. तो दाबला की बोट आणि चेहरा दोन्ही बंद, फक्त पिन चालतो. नवीन आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाजाचं बटण एकत्र थोडा वेळ दाबून धरलं की पुढच्या वेळी पासकोडच लागतो. आजच एकदा करून बघा.

तिसऱ्या भागात काय हरवलं

१ नोव्हेंबर २०१३ ला ‘क्रिश ३’ आला. व्हीएफएक्स आधीपेक्षा कितीतरी मोठे, पण नियम गायब. काल मुंबईत विषाणू सोडतो आणि त्यावरचा उतारा बघता बघता तयार होतो. कोविडच्या विषाणूची जनुकीय माहिती जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाली आणि भारतात लसीकरण सुरू झालं १६ जानेवारी २०२१ ला. हे एक वर्षसुद्धा विक्रमी वेगाचं होतं. सिनेमाने सगळं खरं दाखवावं असं माझं म्हणणं नाही. पण अडचण आली की नवी शक्ती काढायची, असं चाललं की जीव टांगणीला लागत नाही.

नकलेचा आरोप जुना आहे. पहिला भाग पाहून सगळ्यांना स्पीलबर्गचा १९८२ चा ‘ई.टी.’ आठवतो. पण त्याच्याही आधी, १९६७ मध्ये, सत्यजित राय यांनी ‘द एलियन’ नावाची पटकथा लिहिली होती. तो सिनेमा कधी बनलाच नाही आणि ‘ई.टी.’ आल्यावर दोन्हींतल्या साम्याची चर्चा झाली. स्पीलबर्ग यांनी आरोप नाकारला. मराठीत तर जयंत नारळीकरांनी परग्रहावरून आलेल्या मुलावर ‘प्रेषित’ ही अख्खी कादंबरी लिहिली आहे. आपल्याकडे कल्पनांचा दुष्काळ नाही, एवढंच मला म्हणायचंय.

रोहितबद्दल बोलायला हवं

आता टोचणारी गोष्ट. रोहितची बौद्धिक वाढ मागे राहिलेली आहे. मुलं चिडवतात, शाळेत अपमान होतो. हे दाखवताना सिनेमा हळवा आहे, आजही डोळे भरून येतात. पण मग जादू येतो, रोहितला ‘बरा’ करतो आणि त्यानंतरच जग त्याला मान देतं. लहानपणी मी टाळ्या वाजवल्या. आज प्रश्न पडतो, की जादू आलाच नसता तर रोहितची किंमत शून्यच राहिली असती का? असा रोहित प्रत्येक वस्तीत असतो आणि त्याच्यासाठी यान येत नाही.

खरं तंत्रज्ञान उलट दिशेने चालतं. ते माणूस बदलत नाही, फोन बदलतं. अँड्रॉइडचं ‘टॉकबॅक’ दिसत नसलेल्यांना स्क्रीन वाचून दाखवतं. आयफोनवर २०२३ पासून ‘असिस्टिव्ह ॲक्सेस’ आहे, खास बौद्धिक अडचण असलेल्यांसाठी. मोजकी ॲप्स, मोठी चित्रं, कमी गोंधळ. तुमच्या घरात किंवा शेजारी कोणाला उपयोग होईल असं वाटलं तर सेटिंगमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’ उघडा. त्यांच्यासोबत बसून, त्यांना काय हवंय ते विचारून लावून द्या.

मग चौथा भाग बघायचा का?

मी बघणार, पहिल्या दिवशी. तक्रारी आहेत म्हणून प्रेम आटत नाही. फक्त दोन मागण्या आहेत. एक, शक्ती कितीही द्या, पण तिला जादूच्या उन्हासारखी मर्यादा ठेवा. दोन, रोहितसारखं कोणी पुन्हा दाखवलंत तर त्याला बरा करू नका. तो आहे तसा असतानाच जिंकू दे.