भाड्याने दिलेल्या घराचा विमा

१९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि मुरब्यापासून बोईसरपर्यंत भाड्याचे घर हे अनेक कुटुंबांच्या उत्पन्नाचे साधन होऊन बसले. घरमालकाची सावधगिरी मात्र बहुधा अनामत रकमेपाशीच संपते. ही रक्कम फुटलेल्या नळाला पुरेल. जळालेल्या घराला ती काय पुरणार?

१ एप्रिल २०२१ पासून सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी देणे बंधनकारक झाले. आग, पूर, वादळ यांबरोबरच तीत भूकंपही येतो. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीने जे धक्के सोसले, त्यानंतर पालघर जिल्ह्याला याचे महत्त्व सांगावयास नको. अशा आपत्तीने घर राहण्याजोगे न उरल्यास बुडालेल्या भाड्याचीही भरपाई मिळू शकते. पुष्कळ मालकांच्या हे गावीही नसते. भाडेकरूचे सामान मात्र मालकाच्या विम्यात येत नाही. त्याचा विमा त्यानेच उतरवावयाचा. शिवाय, निवासासाठी विमा उतरवलेल्या सदनिकेत भाडेकरूने गोदाम थाटले, तर दाव्याच्या वेळी वाद ठरलेलाच. १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्याने कराराची नोंदणी मालकाच्या माथी मारलीच आहे. त्या करारात घराचा वापरही स्पष्ट लिहावा.

विलक्षण गोष्ट अशी की, अणुकेंद्राच्या शेजारच्या या घरांना किरणोत्साराच्या हानीपासून गृहविम्याचे संरक्षण नाही. ती जबाबदारी स्वतंत्र कायद्याने केंद्र चालविणाऱ्यावर टाकली आहे.